नाथसागराकाठचे गवत

गोदावरीकाठच्या गवताळ रानात पावसाळ्यात मारवेल, पवन्या आणि कुसळी गुडघाभर वाढतात. भाद्रपदात त्यांतून कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे वर येतात. बांधावरच्या झुडपांत कळलावी पेटलेली दिसते.

कुसळीचे बी हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. त्याला लांब, काळपट, पीळदार कुसळ असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो आणि या फिरण्याने टोकदार बी मातीत रुतते. हेच कुसळ जनावरांच्या तोंडाला टोचते, म्हणून चाऱ्यासाठी ते पक्व होण्याआधीच कापणी करणे शहाणपणाचे. मात्र सगळे रान एकदमच भुईसपाट केले, तर बी पडत नाही आणि तित्तिर-चंडोलांचा आडोसाही जातो.

याच गोदावरीवरच्या पैठणच्या जायकवाडी धरणाचे १९७६ मध्ये उद्घाटन झाले. त्याच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झाला. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब पक्षी पाणी ओसरलेल्या काठावरचे कोवळे गवत चरतात. गाववाल्यांनी काठाचा निदान एक पट्टा दरवर्षी न कापता, न जाळता राखावा.