राखणीचा मोठा कुत्रा आणण्यापूर्वी



दर वेळी आम्ही या पानावर बेणे, खत, पाणी आणि खोडवा याविषयीच लिहितो. या खेपेला विषय थोडा वेगळा आहे. पण तो आपल्या उसाच्या फडातूनच निघालेला आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातल्या वस्त्यांवर परदेशी जातीचे मोठे कुत्रे दिसू लागले आहेत. त्याची कारणे खोटी नाहीत. विहिरीवरची केबल चोरीला जाते, बिबट्याची भीती आहे, पोरं नोकरीला शहरात आणि मळ्यात म्हातारा-म्हातारी दोघंच. ऊस नोंदणीला गेलो की चहा पिता पिता सभासद विचारतात, "साहेब, रॉटवायलर आणावा म्हणतोय. कसं काय राहील?" आजवर आम्ही "आणा की" एवढंच म्हणून पुढच्या गटाकडे निघून जात होतो. ते आमचं चुकलं.

गेल्या हंगामात एका सभासदाच्या खोडव्याची तोड चालू होती. टोळी पहाटेच फडात उतरलेली. वस्तीवर मोठा कुत्रा आहे हे मुकादमाला कुणी सांगितलेलं नव्हतं. टोळीतल्या एका बाईची सहा-सात वर्षांची मुलगी कळशी घेऊन हौदाकडे गेली. कुत्र्याने हिसका दिला, साखळी तुटली आणि त्याने पोरीचा दंड धरला. मालक धावले म्हणून पोर वाचली. दंडाला टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्याला रेबीजची लस टोचली आहे का? घरातल्या एकालाही सांगता येईना. मुलीला सगळी इंजेक्शने वेळेवर मिळाली, ती बरी आहे. पण कुत्रा भुंकला की अजून आईच्या पदराआड जाते.

मालक वाईट माणूस नाही. कुत्र्याला रोज दूध-भाकरी, अंडी घालायचे. पण कुत्रा आणल्यापासून तो साखळीलाच. त्या वस्तीवर आम्ही आधी दोनदा जाऊन आलो होतो आणि साखळीची कडी झिजलेली आमच्या डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत कशाला पडा, म्हणून बोललो नाही. आता बोलतो.

आपण जे जनावर आणतो ते मुळात काय आहे, हे आधी जाणून घ्यावे. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा कुत्रा. खाटकांची गुरे हाकणे आणि गाडी ओढणे हे त्याचे पिढीजात काम. पुढे पोलिसांनीही त्याला कामाला घेतले. पुरा वाढलेला नर ५० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे डीएपीची एक गोणी, आणि ती गोणी पळते! असे जनावर कामासाठी आणि माणसाच्या सोबतीसाठी घडलेले आहे. कामाचा बैल वर्षभर दावणीलाच ठेवला तर तो मारका होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुत्र्याचेही तेच आहे.

पुष्कळांची समजूत अशी, की कुत्रा बांधून ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही, म्हणजे तो कडक निघतो. ही समजूत साफ चुकीची आहे. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असते त्या काळात जग ओळखायला शिकते. त्या वयात त्याने लहान मुले, अनोळखी बाया-माणसे, ट्रॅक्टर, बैलगाडी, फटाके हे सारे जवळून आणि न भिता पाहिले पाहिजे. नाहीतर मोठेपणी त्याला प्रत्येक नवी गोष्ट शत्रू वाटते. कुणी म्हणेल, "माणसात मिसळला तर राखण कशी करील?" अहो, ज्याला रोजचं ओळखता येतं त्यालाच नवखं ओळखता येतं. दूधवाला, वायरमन, आमचा स्लिपबॉय आणि चोर यांतला फरक ज्याला कळत नाही तो राखणदार नव्हे, तो नुसता धोका आहे.

पिल्लू निवडताना बेण्याचा नियम लावावा. आपण दहा-अकरा महिन्यांचे निरोगी बेणे मळा पाहून घेतो, रस्त्यावरच्या ट्रॉलीतून कांड्या उचलत नाही. तसेच पिल्लाची आई पाहावी. ती अंगावर धावून येते की शांत असते, कशी जागेत राहते, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कुत्र्यांच्या पैदाशीविषयी २०१७ साली केंद्राने नियम केले आहेत. त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याची नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. फोनवर फोटो पाठवून महिन्याचे पिल्लू गाडीत घालून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

खर्चाचा हिशेबही आधीच मांडावा. पिल्लाची किंमत हा सर्वांत लहान आकडा आहे. दूध-भाकरीवर एवढे मोठे हाड पोसत नाही. लहानपणी पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची आणि पुढे दर वर्षी. कार्ड जपून ठेवावे, ते सातबाऱ्याइतकेच महत्त्वाचे. काळी दाट कातडी आणि आपला एप्रिल-मे यांचे जमत नाही. पत्र्याच्या शेडखाली दुपारी बांधलेला कुत्रा उष्माघाताने मरू शकतो. भरपेट जेवणावर लगेच पळवला तर अशा रुंद छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडण्याची भीती असते. पोट फुगले आणि उलटीसारखे करूनही काही पडत नसेल तर सकाळची वाट पाहू नये, तेव्हाच डॉक्टर गाठावा. मळ्यात उंदरांसाठी टाकलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष त्यालाही मारते. आणि हे सारे एक-दोन हंगामांचे नाही. तीन आडसाली आणि तिन्हींचे खोडवे निघाले तरी कुत्रा दारातच असतो. तोवर पोरगा शहरात गेला तर त्याला फिरवणार कोण? सत्तरीच्या आजोबांच्या हातून ५० किलोचा कुत्रा आवरतो का? विकत घेण्याआधी हे आजोबांना विचारावे, पोराला नव्हे.

आता बिबट्याविषयी. बिबट्यासाठी कुत्रा आणतो, असे सांगणारे सभासद बरेच आहेत. अकोले भागातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे ज्याच्या भीतीने आपण कुत्रा अंगणात बांधतो, त्याचे मुख्य खाणेच आपण अंगणात बांधतो. साखळीतल्या कुत्र्याला ना लढता येते ना पळता येते. बिबट्यासाठी उपाय म्हणजे रात्री गुरे, शेळ्या आणि कुत्रा, सगळेच पक्क्या, वरून झाकलेल्या गोठ्यात घेणे, दारात दिवा ठेवणे आणि अंधारात मुलांना एकटे बाहेर न पाठवणे.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालण्यास कळवले होते. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. त्यावरून "आता सगळं मोकळं" असे समजू नये. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उलट बाजूने, कुत्रा आखूड साखळीला तासन्‌तास बांधणे आणि त्याला फिरवणेच नाही, हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मोकाट सोडला तरी गुन्हा, कायमचा बांधला तरी गुन्हा. मधला मार्ग एकच. पक्के कुंपण, रोज दोन वेळा फिरवणे आणि घरातल्या एका माणसाने त्याला शिकवणे.

आमचे मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. ज्याच्या घरी रोज तासभर कुत्र्याला देणारा धट्टाकट्टा माणूस आहे, ज्याच्या अंगणाला कुंपण आहे आणि जो दहा वर्षे पोसायला तयार आहे, त्याने खुशाल आणावा. असा सांभाळलेला कुत्रा घराचा आधार होतो. बाकीच्यांनी आणू नये. वस्तीला खरी गरज असते ती कुणी आलं हे कळण्याची. ते काम आपला गावठी कुत्रा बिनबोभाट करतो, ऊन सोसतो आणि घरात जे शिजतं ते खातो. त्यालाही लस मात्र द्यावी.

ज्यांच्याकडे मोठा कुत्रा आधीच आहे त्यांना हंगामापूर्वी हात जोडून सांगणे आहे. तोड येण्याच्या आदल्या दिवशी मुकादमाला आणि स्लिपबॉयला कुत्र्याविषयी सांगा. तोड चालू असेपर्यंत त्याला बंद खोलीत किंवा पक्क्या पिंजऱ्यात ठेवा आणि फड रिकामा झाल्यावर फिरवा. पाणी भरायची जागा कुत्र्यापासून लांब दाखवा. आणि चावलाच, तर जखमेवर हळद, चुना, मिरची लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा आणि तडक आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, वाचतो तो आधी घेतलेल्या लसीने.

टोळीची माणसे दिवाळीच्या सुमारास घरदार सोडून, पोरंबाळं घेऊन आपल्या भरवशावर येतात. त्यांचं पोर आपल्या हौदावर पाण्याला येतं तेव्हा ते आपल्या दारचं असतं. कारखान्यानेही या हंगामापासून तोडणीच्या चिठ्ठीवर 'वस्तीवर कुत्रा आहे' अशी एक ओळ ठेवावी आणि हंगामापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरण घ्यावे, असे आम्ही शेतकी विभागाला सुचवले आहे. तोवर नोंदणीला आलो की आम्ही उसाच्या आधी साखळी पाहू. राग मानू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी