मोटारींच्या शर्यती

अमेरिकेंतील स्टॉक-कार शर्यत म्हणजे नुसतें गोल गोल फिरणें, त्यांत खेळ तो कोणता, असें आम्हीहि म्हणत असूं. तें मत आतां अर्धें मागें घेतों. डेटोना येथें अडीच मैलांच्या वाटेवर 200 फेऱ्या होतात. वळणांवर रस्ता 31 अंशांनीं कललेला असतो. पुढील गाडी वारा फोडते, मागील गाडी त्या पोकळींत शिरून वेग मिळविते. म्हणजे प्रतिस्पर्धी हाच सोबती! केव्हां त्याची साथ सोडावी, हें कळण्यास बुद्धि लागते. शिवाय गाडीचें रूप बाजारांत मिळणाऱ्या मोटारीसारखें, म्हणून प्रेक्षकास ती आपली वाटते.

पेट्रोलाच्या उधळपट्टीचा आक्षेप आहेच. पण आमचा खरा आक्षेप टक्कर पाहण्याच्या हौसेवर आहे. 2000 सालीं या शर्यतींच्या सरावांत व स्पर्धेंत तीन चालक मेले. मान सांभाळणारें साधन तेव्हां उपलब्ध होतें. तें वापरणें मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतें. फेब्रुवारी 2001 मध्यें डेटोनाच्या अखेरच्या फेरींत विख्यात डेल अर्नहार्ट गेला आणि त्याच वर्षीं तें सक्तीचें झालें. तेव्हांपासून प्रमुख मालिकेंत एकहि चालक शर्यतींत दगावलेला नाहीं. मग पहिल्या तिघांसाठीं हें कां सुचूं नये?