वेठ नुसत्या कायद्याने सुटली नाही



वेठबिगारी कायद्याने संपली, वारली आदिवासींना संघटित करणाऱ्या किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांचे श्रेय फुगवलेले आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे कालक्रमावरच टिकत नाही. टिटवाळ्याची किसान परिषद जानेवारी 1945 ची. मे महिन्यात झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली. ऑक्टोबरात तलवाड्याच्या पोलीस गोळीबारात वारली आंदोलक जेठ्या गांगड गेले. घटनेचे कलम 23 आले 1950 ला, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 ला. त्यानंतरही ठाणे जिल्ह्यातले वेठबिगार सोडवायला श्रमजीवी संघटनेला उभे राहावे लागलेच!

परुळेकरबाई पुण्याच्या, वकिलाच्या घरातल्या, म्हणून ‘बाहेरच्या’, हा आक्षेप जन्मापुरता खरा. पण जमीनदाराच्या शेतावर न जाण्याची जोखीम वारल्यांनीच घेतली. बाहेरच्या बाईच्या शब्दाखातर कोणी पोटावर पाय ओढवून घेत नाही. आणि कायदा असूनही आज शहापूर-मुरबाडचे कातकरी वीटभट्टीवर उचल (आगाऊ रक्कम) घेऊन जातात. त्या उचलीचा हिशेब कोण तपासतो, हे पत्रलेखकांनी तहसील कचेरीत एकदा विचारावे.

– एक वाचक, तानसा