ओळीची रेषा स्वित्झर्लंडहून आलेली नाही

आजचा धागा ओळींविषयी.

‘बेसलाइन ग्रिड’ म्हणजे पानभर समान अंतरावर आखलेल्या अदृश्य आडव्या रेषा. शीर्षक असो वा तळटीप, प्रत्येक ओळ त्यांपैकी एखाद्या रेषेवरच यावी, हा नियम. संकेतस्थळांच्या मांडणीविषयी बोलणारे ही कल्पना विसाव्या शतकातील स्विस आरेखनकारांच्या नावे जमा करतात. योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांच्या १९८१ च्या ग्रंथाने ग्रिडला शिस्तबद्ध शास्त्राचे रूप दिले, हे निर्विवाद. पण रेषा त्याहून फार जुनी आहे.

गुटेनबर्गचे बायबल (सुमारे १४५५) पाहा. बहुतेक पानांवर दोन रकाने, प्रत्येकी ४२ ओळी, आणि डावी ओळ उजवीच्या समोर. धातूचे खिळे एकाच उंचीचे असल्यामुळे ही समता मुद्रणयंत्रातच रुजलेली होती. त्याआधीचे हस्तलेखकही पान आखूनच लिहीत. फारसी हस्तलेखनात पुठ्ठ्यावर दोरे ताणून त्यावर कागद दाबीत आणि उमटलेल्या रेघांवर लिहीत.

आणि आपली मोडी? लेखक आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग शिरोरेषा ओढतो, मग तिच्याखाली अक्षरे लटकवतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांवर हा ग्रिड शाईने काढलेला आहे. अदृश्यसुद्धा नाही!

माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. रोमन अक्षर रेषेवर बसते, देवनागरी अक्षर रेषेला टांगलेले असते. उकार, ळ, द्ध, ट्ठ यांमुळे आपल्या ओळीची खालची कड सदैव ओबडधोबड, म्हणून वाचणारा डोळा शिरोरेषेवरून चालतो. ब्राउझर मात्र मुळात रोमन बेसलाइन धरून अक्षरे जुळवतो. परिणामी मोठ्या मजकुराशेजारी लहान अक्षरातील टीप ठेवली की तळ जुळतात आणि शिरोरेषा वरखाली होतात. ‘हँगिंग बेसलाइन’ ही संज्ञा ओपनटाइपच्या नियमांत आहे. मराठी संकेतस्थळे बांधणाऱ्यांपैकी किती जण तिची दखल घेतात?

त्याहून मोठा अपराध उसन्या आकड्यांचा. इंग्रजीसाठी ठरवलेली १.४ पट लाइन-हाइट मराठीवर जशीच्या तशी लादली जाते. मग वरच्या ओळीतील ‘शत्रू’चा ऊकार खालच्या ओळीतील ‘तुर्की’च्या रफाराला जाऊन भिडतो. याला आधुनिक मांडणी म्हणणे म्हणजे शुद्ध आळस आहे.

‘वेब म्हणजे कागद नव्हे, पडदा बदलतो, ग्रिड कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी मोडी पत्र आणि त्याचे देवनागरी लिप्यंतर दोन रकान्यांत मांडून पाहावे. सातव्या ओळीसमोर सातवी ओळ नसेल, तर शिकणारा विद्यार्थी नाव एका ओळीतले आणि तारीख दुसऱ्या ओळीतली वाचून मोकळा होतो.

उपाय साधा आहे. मजकूर १८ पिक्सेल असेल तर ओळ ३० ची धरा, शीर्षकाची ओळ ६० ची, परिच्छेदांतील अंतर ३० चे, चित्राची उंची ३० च्या पटीत. शेजारच्या लहान टीपेलाही ओळ ३० चीच द्या आणि तिची शिरोरेषा मुख्य मजकुराच्या शिरोरेषेशी भिडेपर्यंत तो रकाना पिक्सेल-दोन पिक्सेल वर सरकवा.