पंधराशे शब्दांची शिदोरी

परकी भाषा शिकणाऱ्यास व्याकरणाच्या नियमांइतकीच गरज असते ती न बुजता ऐकण्याच्या संधीची. हे मर्म ओळखून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीने ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ हा उपक्रम सुरू केला. सुमारे १५०० शब्दांचा संग्रह, छोटी वाक्ये आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगाने केलेले वाचन, एवढेच त्याचे भांडवल. परंतु त्यावर देशोदेशींच्या श्रोत्यांनी इंग्रजीची वाट धरली. १४ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रंप यांनी आदेश काढला, दुसऱ्याच दिवशी या संस्थेचे हजारांहून अधिक कर्मचारी रजेवर पाठविले गेले, आणि साडेसहा दशकांचा हा ओघ खंडित झाला.

या पाठांची खरी थोरवी त्यांच्या आशयात होती. मार्क ट्वेन, ओ. हेन्री, जॅक लंडन यांच्या कथा सोप्या इंग्रजीत ऐकविल्या जात. बेसबॉलच्या मैदानातून रोजच्या बोलण्यात आलेल्या वाक्प्रचारांची उकल होई. आपल्याकडे ‘चीतपट’ हा शब्द आखाड्यातून निवडणुकीच्या सभेत आला. त्यामागची कुस्ती ज्याने कधी पाहिली नाही, त्याला शब्दार्थ कळला तरी त्यातली खुमारी कळत नाही. इंग्रजीचेही तसेच आहे. समाजाच्या चालीरीतींसह शिकलेली भाषाच जिभेवर टिकते.

हा सारा खटाटोप निरपेक्ष होता, असे मानण्याइतके भोळे आम्ही नाही. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेला जगात मित्र हवे होते व भाषा हे त्याचे साधन होते. तथापि शिकणाऱ्याने भाषा घ्यावी आणि मते स्वतःची ठेवावीत, हे अशक्य नव्हते. उणीव आहे ती अन्यत्र. दुसऱ्याच्या विहिरीवर तहान भागविणाऱ्याला मालकाच्या मर्जीचे भय कायमचेच.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. शहरातील सुखवस्तू घरांतील मुले अमेरिकन मालिका पाहून त्या भाषेला सरावतात, आणि तोच उच्चार म्हणजे विद्वत्ता, असा समजही त्यांच्या घरांत रुजतो. तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या मुलाला पुस्तकातले इंग्रजी वाचता येते, पण कानी पडलेले उमगत नाही. मग मुलाखतीत त्याची बुद्धी नव्हे, कान हरतो. हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे आपल्या हाती आहे.

आकाशवाणीने व राज्याच्या शिक्षणखात्याने रोज पंधरा मिनिटे संथ, सुबोध इंग्रजीचा पाठ द्यावा. त्यात ओ. हेन्री अवश्य असावा; पण पाऊसपाणी, बाजारभाव, ग्रामसभा आणि जोतीराव फुल्यांचे चरित्रही असावे. अमेरिकेची पद्धत उचलण्यात कमीपणा नाही. तिच्या कृपेवर आपली मुले सोडण्यात मात्र आहे.