लिंक पाठवली म्हणजे झालं?

परवा फॅमिली ग्रुपवर माझी आणि दादाची चांगलीच जुंपली. विषय काय, तर डीव्हीडी! हसू नका.

झालं असं, की चिपळूणच्या मावशीला काकांच्या पंचाहत्तरीचं शूटिंग बघायचं होतं. काका २०१९ साली गेले. दादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, शेजारच्या मुलाच्या फोनवर लिंक पाठवली आणि विषय संपवला. मावशीचा स्वतःचा फोन बटणांचा. तो मुलगा येतो, दोन मिनिटं दाखवतो आणि क्लासला पळतो. "पुन्हा लाव रे" म्हणायचा तिला संकोच. म्हणजे स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ऐकायला दुसऱ्याची सवड बघायची!

मी म्हटलं, डीव्हीडी करून देते. दादा म्हणाला, "अगं, आता कोण बघतं डीव्हीडी?" अरे, तुझी आई बघते! टीव्हीखाली, क्रोशाच्या रुमालाखाली तिचा प्लेअर आहे, आणि तो तिला एकटीला लावता येतो.

दुसऱ्या टोकाला आमचे हौशी लोक. एका भाच्याने फाइल तशीच डिस्कवर कॉपी करून पाठवली होती. प्लेअरने अर्थातच ती नाकारली. "प्लेअर जुना झाला, फेकून दे," हा वर सल्ला! प्लेअर बिचारा बरोबर होता. फोनमधली एमपीफोर फाइल त्याला कळत नाही. त्याला एमपेग-२ लागतं, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम्स. त्यातून व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर तयार व्हावं लागतं. डीव्हीडीस्टायलरसारखं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं. वेळ लागतो तो कॉम्प्युटरला. आपण तोवर कुकर लावावा.

लक्ष कुठे द्यायचं तेवढं सांगते. शूटिंग रुंद असेल तर १६:९ निवडा, नाहीतर काका विनाकारण लांबुडके दिसतात. साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतात. तासाभराचं शूटिंग छान दिसतं, दोन तासांचं बरं. चार तास कोंबाल तर चेहऱ्यांचे चौकोन होतील. बर्न करताना घाई नको, आणि शेवटी डिस्क फायनलाइज झाली पाहिजे. मग दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या प्लेअरवर लावून बघा. आपल्या कॉम्प्युटरवर चालली याला काही अर्थ नाही.

आता दादाचं एक म्हणणं मला मान्य आहे. घरी बर्न केलेली डिस्क कायमची नसते. तिच्यातलं रसायन उतरतं, ओरखडे पडतात. शिवाय एमपेग-२ करताना चित्राचा बारकावा जातो. म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवायचीच. पण जपून ठेवणं वेगळं आणि बघायला देणं वेगळं! आपण सगळे जपून ठेवण्यात हुशार. क्लाउडवर ढीगभर ठेवलंय, आणि ज्या माणसासाठी ठेवलंय त्याला ते उघडता येत नाही. मग ते कोणासाठी जपलं?

लिंक पाठवणं हे आपल्या सोयीचं आहे. त्याला प्रेमाचं नाव देऊ नये. (दादा, तू हे वाचणार हे माहीत आहे. राग मानू नकोस, पण खोडणार नाही.)

मी चार मेनू-बिनू न करता डिस्क घातली की सुरू होईल अशी डीव्हीडी केली. दोन प्रती, एक कपाटात ठेवायला. एसटीने जाणाऱ्या ओळखीच्यांबरोबर पाठवली. काल मावशीचा फोन आला.

"सकाळपासून तीनदा बघितलं गो. कोणाला हाक मारावी लागली नाही."

असो. तुमच्याही घरी कोणाच्या तरी टीव्हीखाली प्लेअर असेलच. त्या माणसाला एकदा विचारा, काय बघावंसं वाटतं ते. आणि कृपा करून लिंक पाठवू नका.