आधी रांग शोधा

मध्यंतरी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या एका मुलाने आगगाडीच्या आरक्षणाची आज्ञावली केली होती. नाव घातले की आसन क्रमांक मिळे, काम चोख. मी विचारले, "एकाच वेळी लाखभर माणसे आली तर?"

"मोठा संगणक घेऊ, सर!"

शेजारच्या शिक्षकांनीही मान डोलावली. मला मात्र हे उत्तर पटले नाही.

असे पाहा. आरक्षणात कामे दोन: जागा शिल्लक आहे का ते सांगणे आणि ती देणे. पहिले वाटून देता येते. तक्त्याच्या प्रती दहा संगणकांवर ठेवा, दहापट माणसांना उत्तरे मिळतील. एखादी प्रत क्षणभर शिळी असली तरी फारसे बिघडत नाही. पण एकच आसन दोघांना दिले गेले तर डब्यात भांडण ठरलेलेच! तेथे एकामागून एकच जावे लागते.

या रांगेची किंमत जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. समजा, १०० सेकंदांच्या कामापैकी १० सेकंदांचे काम रांगेतच व्हायला हवे. उरलेले ९० सेकंदांचे काम ९ संगणकांत वाटले तर एकूण २० सेकंद लागतील. ९० संगणकांत वाटले तर ११. दहापट संगणक आणून वाचले किती? अवघे ९ सेकंद! हजार संगणक आणले तरी १० सेकंदांच्या खाली जाता येणार नाही.

आपल्या रेल्वेने २०१४ मध्ये ई-तिकिटांची क्षमता मिनिटाला २,००० वरून ७,२०० वर नेली. तरीही जून २०१५ पासून तत्काळ आरक्षणाची वेळ विभागावी लागली: वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १०, इतरांसाठी ११. या दुसऱ्या उपायात नवे यंत्र एकही नाही. मला तोच अधिक आवडतो.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रकल्पाला गुण देताना 'चालतो का?' एवढेच न विचारता 'रांग कोठे लागेल?' हेही विचारावे.

मधल्या सुट्टीत तो मुलगा मला शोधत आला. "सर, प्रत्येक डब्याची रांग वेगळी केली तर?"

"छान! पण एका कुटुंबाला चार आसने हवीत आणि ती दोन डब्यांत मिळून आहेत; मग?"

तो डबा हातात तसाच धरून विचार करीत उभा राहिला.